दाजींना न पटलेली फरशी

माझं डोकं फिरवण्यात आमच्या दाजींचा हात धरील असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नाही. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे घरचे जावई, म्हणजे त्यांना कुणी काही बोलायचं नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतून आलेला माल छोट्या हातोडीनं वाजवायचा आणि फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला की बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. ते फौंड्रीतच ठेवून यावं की नाही? पण हातोडी सदऱ्याच्या खिशातून घरी यायची. नारळ, माठ, कलिंगड, दाराची चौकट, सगळं वाजायचं. माझ्या लग्नात रुखवतातला तांब्याचा हंडा त्यांनी भर मांडवात वाजवला आणि "पाणी धरायचा न्हाय ह्यो!" असं जाहीर करून टाकलं. सासरची माणसं मला अजून ते ऐकवतात. हंडा अजून पाणी धरतो.

एका वर्षी आई आमच्या न्हाणीतल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर घसरली आणि पायाचं हाड मोडलं. न्हाणी पाडून खरखरीत फरशीचं नवं बाथरूम करायचं ठरलं. तोवर आई ताईकडे. लेकीच्या घरी राहणं तिच्या अगदी जिवावर आलेलं. मी भेटायला गेलो की एकच प्रश्न, "कवा नेतोस रं?" काय सांगणार, कपाळ! फरशी दाजी पसंत करणार होते. जावयानं आपणहून काम अंगावर घेतलंय, त्याला नाही म्हणायचं नाही, हा आईचाच हुकूम.

दीड महिना! पहिल्या दुकानात दाजींनी मोझॅकची फरशी कानाशी धरून वाजवली. "बद्द हाय." दुसऱ्या दुकानातली पिवळी, तीही बद्द. तिसऱ्या दुकानात त्यांनी साबणाचं पाणी मागवलं, एका करड्या फरशीवर ओतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यावर अनवाणी उभे राहिले. पाय तसूभर सरकला नाही. खाली उतरून म्हणाले, "रंग डोळ्यात जातोय." करडा रंग! पाचव्या दुकानदारानं तर हात जोडले. "पावणं, तुमास्नी फरशी पायजे का तबला?" आमचा गवंडी वैतागून मुरगूडला दुसऱ्या कामावर गेला. आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांच्या न्हाणीत आंघोळीला जात होतो. मी दातओठ खायचो आणि तोंडानं म्हणायचो, "दाजी, तुम्ही म्हणाल तसं."

शेवटी एका रविवारी माझा तोल सुटला. ती करडी फरशी मी स्वतः घेतली, गवंड्याला मुरगूडहून अक्षरशः ओढून आणलं आणि दाजींना चार शब्द सुनवायला तडक ताईचं घर गाठलं. दारातच थबकलो. दाजी बनियनवर आईसमोर पाटावर बसले होते आणि आई त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावत होती.

"फरशी गावंना मामी," दाजी तिला सांगत होते. "सगळा माल बद्द."

"जावईबापू, खोटं बोलू नगासा," आई दातानं दोरा तोडत म्हणाली. "मला घरला जाऊ द्या की आता."

दाजींची आई ते रांगत होते तेव्हाच गेलेली. हे मला ताईच्या लग्नापासून माहीत होतं, पण मी कधी मनावर घेतलं नव्हतं. माझा राग काही गेला नाही, फक्त सुनवायचं राहून गेलं.

करडी फरशी बसली, आई घरी आली. त्यानंतर कितीतरी वर्षं दाजी दर रविवारी यायचे, बाथरूममध्ये वाकून फरशी वाजवायचे आणि ओरडायचे, "बद्द वाजतीया! उकरून काढा सगळी, तवर मामींनी आमच्याकडं ऱ्हावं!" मी चिडायचो. आई हसायची.

आईच्या तेराव्याला दाजी हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेले. मी बाहेर उभा राहून हातोडीची वाट बघत होतो. आवाज आला नाही. ते पाय पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फरशी चांगली हाय की, पावणं."

इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.