मागच्या नळीचं पाणी

पाणी शुद्ध करायचं मशीन घरात येऊन चार महिने झाले आणि त्याची धार अशी बारीक झाली की एक गिलास भरेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा. मी मुळातच तापट. कचेरीत जायच्या घाईत नळाखाली बाटली धरून उभं राहिलं की डोक्यात तिडीक जायची. मशीनला शिव्या कळत नाहीत, म्हणून त्या बायकोला आणि मुलाला ऐकाव्या लागायच्या.

खरं तर मशीन आणलं होतं मायसाठी. वरोऱ्याहून आत असलेल्या आमच्या गावात घरासमोरच्या हातपंपाला आरोग्यवाल्यांनी कधीकाळी लाल रंग मारला होता. म्हणजे हे पाणी पिऊ नका. पण चांगला पंप गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रंग उडून गेला, माय तिथंच भरत राहिली. बाबा गेल्यावर ती आमच्याकडं वरोऱ्याला आली तेव्हा तिचे गुडघे वाकत नव्हते, मान वळत नव्हती. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हाडांचे फोटो पाहिले आणि म्हणाले, पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं कडक होत चालली आहेत. झालं ते परत येणार नाही, पण पाणी बदला, निदान पुढचं थांबेल. आमच्या बोअरचं पाणीही त्याच जातीचं. पुढच्याच आठवड्यात मी आरओ बसवून घेतला.

आणि त्याच चौथ्या महिन्यात तिला परत दाखवायला नेलं, तर दुखणं वाढलेलं. मान आणखी आखडली होती. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी बदललं ना?"

मला राग आला. "बदललं म्हणजे काय साहेब, चांगलं मशीन बसवलंय."

परत येताना एसटीत माय खिडकीला टेकून डोळे मिटून बसली होती. मशीन आणूनही हिचं दुखणं वाढतंच कसं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. पण ते माझ्या हातात नव्हतं. धार माझ्या हातात होती. म्हणून घरी आल्यावर मी मशीनच्या मागे लागलो.

आधी येणाऱ्या पाण्याचा कॉक पाहिला, पूर्ण उघडा. वरची टाकी पाहिली, भरलेली. पहिला फिल्टर उघडला तर आतली पांढरी कांडी चिखलात लोळल्यासारखी झालेली. म्हटलं सापडला चोर! नवी कांडी आणून घातली. दोन दिवस धार जरा बरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. शेवटी मेकॅनिकला फोन केला.

बस स्टँडजवळ दुकान असलेला, पन्नाशीचा, दाढीवाला, अत्यंत थंड डोक्याचा माणूस. त्यानंच मशीन बसवलं होतं. त्यानं मोटरला कान लावला, एकेक नळी काढून फुंकली, मग मेंब्रेन बाहेर काढलं. आरओमधला हाच खरा भाग, यातूनच पाणी गाळून निघतं. त्यावर चुन्यासारखा पांढरा थर.

"चार महिन्यात मेंब्रेन असं नाई होत भाऊ," तो म्हणाला. "मागची नळी कुठी जाते?"

मागची नळी म्हणजे मशीन जे काढून टाकतं ते खारं पाणी बाहेर नेणारी. मी म्हणालो, "मोरीत. तुम्हीच तर लावली."

"इतक्यात पाह्यली काय?"

नव्हती पाहिली. मागच्या अंगणात मी कशाला जातो? आम्ही दोघं गेलो. नळी मोरीत नव्हतीच. ती भिंतीवरून वळवून मायच्या माठात सोडलेली, सरकू नये म्हणून माठाच्या गळ्याशी चिंधीनं करकचून बांधलेली. तिथंच ती दबून अर्धी चपटी झाली होती.

"बसा आता!" मेकॅनिक म्हणाला. "इथी दाबली म्हणून खारं पाणी तटून राह्यलं. क्षार मेंब्रेनवरच बसले. धार कुठून येईल?"

मला हसूच आलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! माय झाडांना घालत असेल, म्हटलं. पण मेकॅनिक हसला नाही. माठावर ताटली होती, ताटलीवर पालथा लोटा, ओला.

"हे पाणी कोणी पेते काय?"

माझं हसणं तिथंच मेलं. त्यानं खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं मीटर काढलं. बोअरच्या पाण्यात बुडवलं तर आकडा नऊशेच्या आसपास. माठात बुडवलं, सोळाशेच्या वर. "मशीन जे जे काढते, ते सारं याच्यात," तो हळूच म्हणाला. माय मागच्या माठातून लोटा भरून आत आणून पिताना मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, मशीनचं पाणी बायको त्यात भरते, बायकोला वाटायचं मी भरतो.

आवाज ऐकून माय भिंतीला धरत धरत आली. मी माठ उचलला आणि मोरीत उपडा केला.

"अरे पापी! पाणी वतून राह्यला काय?" ती किंचाळली. "कोसभर चालून डोक्यावर आनलं असतं म्हंजे समजलं असतं तुले!"

"माय, हे पाणी तू पेत होती?"

"मंग काय करू? काचेसारखं पाणी दिवसभर मोरीत जाऊन राह्यलं होतं. मशीनले दोन नळ्या. एक तुमची, म्हटलं एक माही. अन् आता त तुमची थेंब थेंब येते. लेकराले पुरते तर पुरते, त्यात मी काऊन भागीदार होऊ?"

मेकॅनिक तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं सावकाश समजावलं. आजी, वाईट पाणी याच नळीनं बाहेर जाते. तुमची हाडं ज्यानं आखडली, ते याच्यात बोअरपेक्षा बी जास्त. ऐकता ऐकता मायचा हात मानेवर गेला आणि तिथंच राहिला.

मग तिनं मला विचारलं, "तुले माहीत होतं, या नळीत काय येते ते?"

"हो माय."

"सुनेले?"

"हो. मशीन लावलं त्या दिवशीच यांनी समजावलं होतं."

"लेकराले बी?"

माझा मुलगाही तेव्हा तिथंच होता. सगळे मशीनभोवती उभे होतो. माय मागे अंगणात तूर पाखडत बसली होती, आणि तिला आत बोलवावं असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. मी मान डोलावली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं रिकामा माठ फक्त सरळ करून ठेवला.

"घरभर साऱ्याले सांगतलं," ती म्हणाली. "अन् हाडं त माही होती ना रे."