शिंपल्यातली थोरा

थोरा नायगार्डचं नाक लहानपणी गाईच्या लाथेनं मोडलं होतं. डकोटातल्या त्या शेतावर डॉक्टर कुठून येणार? आईनंच ते चिमटीत धरून सरळ केलं, तेही अंदाजानं. तेव्हापासून ती श्वास घेई तेव्हा नाकात बारीक शीळ वाजायची. बाई उंचनिंच, खांदे हमालासारखे, आणि शीळ मात्र चिमणीची. मूकपटात तिच्या नाकाशी कुणाला काय देणंघेणं? हॉलिवूडमध्ये तिनं उभा जन्म गर्दीत काढला. कधी रोमन गुलाम, कधी मठातली जोगीण, कधी बुडत्या जहाजावरची विधवा. मी क्लेम पार्डी, स्टुडिओतलं सामानसुमान सांभाळणारा. तिच्या हातात घागर किंवा मशाल देणारा मीच.

तिची आई गुद्रूनबाई आंधळी होती. मायलेकी माझ्या शेजारीच राहायच्या. थोरा तिला प्रत्येक सिनेमाला न्यायची आणि कानात सांगायची, "आई, आता मी आले बघ. डावीकडं, घागर घेऊन."

म्हातारी शेंगदाणे चावत म्हणायची, "आलीस का? बरं झालं. तू म्हणशील तसं. हॉटेलात भांडी घासत असशील, आणि मला इथं बसवून थापा मारतेस."

हे ती पाववाल्याला सांगायची, पाद्र्यालाही सांगायची. थोरा हसण्यावारी न्यायची, पण एकदा माझ्या ओट्यावर बसून ती ढसाढसा रडली होती. इतकी वर्षं राबून घरच्या माणसालाच खरं वाटत नसेल तर माणसानं करायचं काय?

मग बोलपट आले. थोरा उड्या मारतच माझ्याकडं आली. एवढी धिप्पाड बाई, माझ्या लाकडी ओट्याची एक फळी तिथंच मोडली.

"क्लेम, आता आई मला ऐकेल! एक वाक्य मिळू दे. एकच!"

मिळालंही. संगीतपट होता समुद्रतळावरच्या पोस्टाचा. कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. मत्स्यराणी एका बुडालेल्या पोस्टमनच्या प्रेमात पडते आणि खेकडे टाचा वाजवत नाचतात. थोरा राणीची दासी. तिचं वाक्य होतं, "महाराणी, टपाल आलंय!" घरी ती ते कढई घासताना, केस विंचरताना, झोपेतसुद्धा म्हणायची.

तेव्हा स्टुडिओत नवं राज्य होतं आवाजवाल्याचं. आमचा आवाजवाला लायल फेनिक आधी टेलिफोनच्या तारा जोडत फिरायचा. आता काचेच्या खोपटात बसून तो डायरेक्टर ग्रेल यांच्यासकट सगळ्यांना दटावायचा. राणीचे रेशमी कपडे सळसळतात, म्हणून तिला घोंगडीचा झगा. खेकड्यांच्या टाचा कडकडतात, म्हणून त्यांना लोकरीचे मोजे. मग नाचाचा आवाज यायला पडद्याआड एक म्हातारा दोन नारळ आपटत बसायचा. राहिला मायक्रोफोन. तो लपवायचा कुठं? फेनिकनं थोराकडं पाहिलं.

"हिच्या डोक्यावर मोठा शिंपला ठेवा. त्यात घाला. ही हलत नाही, खांबासारखी आहे."

शिंपला मीच केला. वजन चांगलंच भरलं.

"आणि माझं वाक्य?" थोरानं विचारलं.

"मायक्रोफोनच्या इतक्या जवळून बोललीस तर माझ्या कानाचे पडदे फाटतील, बाई. वाक्य लॉब्स्टरला दिलंय."

लॉब्स्टरचं काम करणारा गडी तोतरा होता. तरीही त्यालाच दिलं. मला असा संताप आला की फेनिकच्या खोपटाला बाहेरून कडी घालावीशी वाटली. थोरानं शिंपला उचलून डोक्यावर चढवला. काम गेलं तर भाडं कोण भरणार?

चित्रीकरण सुरू झालं. नायक राणीला मिठीत घ्यायचा आणि गायचा मात्र दासीच्या टाळक्याकडं बघून. राणीही उत्तर द्यायची ती त्याच टाळक्याला. दोघांचं प्रेम मधल्या थोरावरच आहे असं वाटायचं. पहिलं गाणं संपलं, तसा फेनिक खोपटातून घामाघूम होऊन बाहेर आला.

"कुठंतरी रातकिडा वाजतोय."

सगळं काम थांबलं. रातकिडा शोधायला कारकून लावले, सुतार लावले, शेवटी एक मांजर आणलं. मांजर खेकड्यांच्या अंगावर धावून गेलं. मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं रातकिडा कुठं बसलाय ते. थोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढच्या गाण्याला तिनं तोंडानं श्वास घेऊन पाहिला, तर फेनिक ओरडला, "भाता कोण चालवतंय?" मग तिनं श्वासच रोखला आणि दुसऱ्या कडव्याला शिंपल्यासकट पोस्टमनच्या अंगावर कोसळली.

पण पहिल्या गाण्याचा आवाज मेणाच्या तबकडीवर कोरला गेला होता. त्यातलं अक्षरही काढता येत नव्हतं, आणि गाणं पुन्हा घ्यावं तर त्याचा सेट मोडून झालेला. डोकं धरून बसलेले ग्रेलसाहेब अचानक उठले.

"एका गाण्यात शीळ आणि बाकीच्यांत नाही, हे लोक खपवून घेणार नाहीत. शीळ सगळीकडं ठेवा! त्या किड्याला कुणी हात लावायचा नाही!"

मग 'किड्याला हात लावू नये' अशा पाट्या लागल्या. रातकिड्यासाठी रोज सकाळी कोबीची पानं ठेवायचं काम माझ्याकडं आलं. पानं मी आणि थोरा खायचो. शेवटी लोकांना शीळ कुठून येते ते दिसावं म्हणून समुद्रतळाशी पिंजऱ्यात एक भुसा भरलेली कॅनरी, म्हणजे शीळ घालणारी पिवळी चिमणी, टांगली, आणि राणीच्या तोंडी तिचं कौतुक घातलं. पाण्याखाली कॅनरी जगते कशी, हे एकानंही विचारलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा थोरानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. दारापाशी तिनं माझी बाही धरली.

"तूच ने तिला आत. ती म्हणेल, 'कुठं आहेस? बोल ना!' मला नाही ऐकवणार."

मी म्हातारीला बसवलं. पडद्यावर लॉब्स्टर "ट-ट-टपाल" म्हणाला. गाणं सुरू झालं, आणि कडव्याच्या मध्येच म्हातारीचं शेंगदाणे चावणं थांबलं.

"क्लेम, हे काय वाजतंय?"

"कॅनरी आहे, गुद्रूनबाई."

"कॅनरी तुझा बाप!" ती ताडकन उठली आणि पडद्याकडं तोंड करून ओरडली, "थोरा! आधी नाक शिंकर!"

लोक ओरडायला लागले, "ए म्हातारे, खाली बस!"

"तूच बस! माझी पोर आहे ती! हे नाक मी माझ्या हातानं बसवलंय!"

मी बाहेर धावलो आणि थोराला ओढतच आत आणलं.  ती अंधारात आईच्या शेजारी बसली, रडून तिचं नाक आणखीच वाजत होतं. म्हातारीनं चाचपडत तिचा दंड शोधला आणि जोरात चिमटा काढला.

"शू! श्वास घेऊ नकोस. माझी थोरा काम करतेय, ऐकू दे मला."