लेकीच्या हॉटेलातलं बिल

भंडाऱ्यात सध्या असं बोललं जातं की मी माझ्या लेकीच्या सासऱ्यांना भर हॉटेलात, गिऱ्हाइकांच्या देखत, नको नको ते बोललो. हो, बोललो. त्यातला एक शब्दही मी परत घेतलेला नाही. पण त्याच्या आधी काय झालं ते कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझा धंदा तांदळाचा. मोहाडीच्या आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून किलो-दोन किलो विकायला बसायचो, तिथून आज स्वतःच्या गिरणीपर्यंत आलो. कोणी हात धरून आणलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं, आणि घासाघीस करताना माझा आवाज चढतो, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे.

मला एकच लेक. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न केलं. जावई दुबईला एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. तो परत आला आणि दोघांनी मिळून भंडाऱ्यात, हायवेच्या कडेला, मेडिटेरेनियन रेस्टॉरंट काढलं. पाटीवरचा हा शब्द मला अजूनही एका दमात म्हणता येत नाही. गावात त्याला सरळ अरबी हॉटेल म्हणतात. भिंती पांढऱ्या, दारं निळी, टेबलावर छोट्या बाटलीत ऑलिव्हचं तेल. माझ्या मते सहा महिन्यांत ते बंद पडणार होतं. पडलं नाही. रविवारी तर बसायला जागा मिळत नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. माझ्या थोरल्या बहिणीला लाखांदूरकडे दिलं होतं. वडील तिला भेटायला जायचे तेव्हा फडक्यात भाकर बांधून न्यायचे. एसटीतून उतरले की गावाबाहेर तलावाच्या पाळीवर बसून ती खायचे आणि मगच तिच्या दाराशी जायचे. ती विचारायची, "बाबा, जेवले का?" ते ढेकर देऊन दाखवायचे. मी तेव्हा त्यांच्याबरोबर असायचो. मला ती मोठी अभिमानाची गोष्ट वाटायची.

माझ्या लेकीला अजून मूल नाही. तिच्या घरी मी घास खाल्लेला नाही. पण हॉटेल म्हणजे घर नव्हे. हॉटेल म्हणजे दुकान, आणि दुकानात पैसे दिले की माणूस गिऱ्हाईक होतो, बाप राहत नाही. ही वाट मी शोधून काढली तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो. रीत मोडायची नाही आणि लेकीच्या हातचं खायलाही मिळतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमची अक्कल तुमच्यापाशीच राहू द्या. मी नाही येत." मी एकटाच जाऊ लागलो. भंडाऱ्याला काम निघालं की दुपारी तिच्याकडे बसायचं, खायचं, आणि उठताना नोटा टेबलावर ठेवायच्या. लपवून नाही, चांगल्या दिसतील अशा. कोणी म्हणायला नको की फुकट जेवला.

ती म्हणायची, "बाबा, राहू द्या ना." मी म्हणायचो, "रीत म्हणजे रीत." मग ती काही बोलायची नाही. मी समजलो, पटलं.

तो रविवार होता. हॉटेल भरलेलं. गल्ल्यावर व्याही, आमच्या बोलीत इवाई, बसले होते. ते सानगडीचे, शेती भरपूर, बोलणं गोड आणि टोचणारं. रविवारी ते हटकून गल्ल्यावर येऊन बसतात, जणू काही सगळं त्यांनीच उभं केलं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. फुगलेल्या रोट्या आल्या, चण्याचे वडे आले, आणि ती चण्याची पातळ चटणी, वर तेल ओतलेली. लेक स्वतः बिल घेऊन आली. मी नेहमीसारखा भिडलो.

"चटणीचे एवढे? काबुली चण्याचा भाव मले शिकवतेस का?"

"बाबा, चटणी नाही ते. हमस आहे."

"नाव बदललं म्हणून चणा महाग होते का?"

"चण्याचे नाही लावले. तुमची किटकिट आयकाचे लावले."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसलो. खिशातून नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

तेवढ्यात गल्ल्यावरून व्याह्यांचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"घे बाई, घे पैसे. इवाई रीतीचे माणूस आहेत. नातू झाल्याबिगर फुकट जेवतीन का? आता तो कधी होते, देवालेच माहीत. तोवर आपला गल्ला तर भरून राहिला!"

कोणीतरी खो-खो हसलं. एका टेबलावर सानगडीचीच माणसं होती, त्यांतली एक बाई लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहू लागली. लेक बिलाचा कागद हातात धरून तशीच उभी. भटारखान्याच्या दारात जावई येऊन थांबला होता. त्याने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बोलला मात्र नाही. त्याचा राग मला आजही आहे.

माझं डोकं फिरलं. खुर्ची मागे पडली. "इवाई, जबान सांभाळा. माझी लेक काय बाजारातली गाय आहे का, गाभण आहे की नाही ते चार माणसांत विचाराले? तुमच्या पोराले विचारा ना. घरात विचारा. इथं गल्ल्यावर बसून कायले विचारता?" आणखीही बोललो. ते लिहिण्यासारखं नाही. व्याही म्हणाले, "मी तर गंमत केली बावा." मी म्हणालो, "असली गंमत सानगडीच्या चौकात करा, तिथं तुमाले किंमत आहे."

मला वाटलं, लेक आता माझ्या बाजूला येऊन उभी राहील. ती आली, पण माझ्या मनगटाला धरून हळू आवाजात म्हणाली,

"बाबा, बसा खाली. त्याईले काहून बोलता? त्याईनं आज एकदा म्हटलं. तुमी तर दर खेपेले म्हणता."

"मी? मी कधी म्हटलं?"

"नोटा ठेवता तवा. साऱ्या हॉटेलाले दाखवून ठेवता. लोक मले विचारतात, बाप पैसे काहून देते? मले सांगा लागते, मले लेकरू नाही म्हणून. चार वर्षं झाले, बाबा."

बाजारात मला कोणी फसवलेलं नाही. समोरचा काय लपवतो आहे ते मी त्याच्या बोटांवरून ओळखतो. आणि घरची लेक माझ्या डोळ्यांसमोर दर खेपेला गप्प होत होती, ते तिला पटलं, असंच मला वाटत होतं. मला राग कोणाचा आला म्हणून विचाराल तर त्या क्षणी सगळ्यांचा आला. व्याह्यांचा, जावयाचा, त्या बाईचा, रीत घालून देणाऱ्याचा. स्वतःचाही आला, पण तो सगळ्यात शेवटी.

मी नोटा उचलल्या आणि खिशात घालू लागलो. तिने हात पुढे केला.

"ते द्या. आज गिऱ्हाईक म्हणून बसले होते ना? मंग आजचं बिल भरा लागन. पूर्ण."

एक पैसा कमी केला नाही. मीही कमी कर म्हटलं नाही. दिले. मग पडलेली खुर्ची उचलली आणि परत त्याच टेबलावर बसलो.

"आता बाप म्हणून बसलो. जेवण आण."

"आत्ताच तर जेवले."

"ते गिऱ्हाईक जेवलं. आण म्हणतो ना!"

ती आत गेली. ताट आणलं ते मेनूतलं नव्हतं. भात, वरण, वांग्याची भाजी, म्हणजे आत कामाच्या माणसांसाठी केलेलं. पोट गच्च भरलेलं होतं. तरी भात कालवला. व्याही गल्ल्यावरून म्हणाले, "इवाई, पाप लागन."

"लागू द्या," मी म्हणालो, "माझ्या नावावर लागू द्या. तुमच्याकडं उधार नाही मागत."

पहिला घास गिळताना वडील डोळ्यांपुढे आले, खोटं बोलत नाही. तरी गिळला. लेक समोर उभी होती. हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मीठ बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "कमी आहे." ती जाऊन मीठ घेऊन आली आणि माझ्या ताटाच्या कडेला स्वतःच्या हाताने वाढलं. मी ताट पूर्ण केलं. घरी येईपर्यंत पोटात दुखत होतं.

व्याह्यांशी माझं बोलणं बंद आहे. लोक मध्यस्थी करायला येतात, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. गंमत केली म्हणणाऱ्याने लेकीची माफी मागावी, माझी नको. बायको अजून तिकडे जेवायला तयार नाही. ती म्हणते, तुम्ही रीत मोडली, मी मोडणार नाही. त्यावरून रोज सकाळी घरात भांडण होतं, आणि या रविवारी मी तिला ओढून का होईना, नेणार आहे.