देवव्रतचं कँडिड

मुलुंडच्या देवव्रतने नोकरी सोडून कॅमेरा घेतला, आणि त्याला कुणी ‘फोटोग्राफर’ म्हटलेलं चालेनासं झालं. फोटोग्राफर म्हणजे पासपोर्टचे फोटो काढणारे. आपण कँडिडवाले. माणसाला पत्ता लागू न देता त्याच्या मनातलं चेहऱ्यावर आलं की टिपायचं, त्याला कँडिड म्हणतात, असं तो सोफ्यावर पाय पसरून घरादाराला समजावायचा. अर्थ तोंडपाठ होता. वापर बघायचा तर त्याच्यासोबत एखाद्या लग्नाला जावं. “काका, कॅमेऱ्यात बघू नका. हसा, पण दात नको. आता सहज वळा. सहज म्हटलं ना, परत वळा.” नाहूरच्या एका नवरदेवाला त्याने मान अवघडेपर्यंत सहज वळवलं होतं.

धाकट्या गंधालीला आधी भावाच्या या सोंगाचं हसू यायचं, पुढे वीट आला. पण तिचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, घरचा असताना बाहेरचा कशाला? गंधालीने एवढंच मागितलं, “दादा, पाठवणीच्या वेळी मी बाबांच्या पाया पडेन, तेवढा एक फोटो नीट काढ. बाकी काय वाट लावायची ती लाव.” बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती.

“टेन्शन नको घेऊ गं. झकास काढतो.”

लग्नात कानपिळीचा मान नवरीच्या भावाचा. याने चुलतभाऊ विकीला पुढे ढकललं, कारण स्वतः कान पिळला तर अँगल कोण बघणार? गंधालीने तेही गिळलं.

पाठवणीला ती चाकाच्या खुर्चीपुढे वाकली. बाबांच्या त्या लुळ्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवरून सुटली. हात थरथरत वर आला आणि तिच्या गजऱ्यावर टेकला. ती श्वास धरून तशीच राहिली. मग हात आपोआप खाली घसरला.

“अरे अरे, थांबा,” देवव्रत धावत आला. “बाबा, परत एकदा. मी इथे नाहीच असं समजा.”

बाबांनी जोर लावला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, हात हलला नाही. तेव्हा देवव्रतने तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. घसरला, तर पुन्हा ठेवला आणि बोटं गजऱ्यात अडकवली. मग मागे सरकून त्याने फोटो काढला.

त्याच फोटोवर ‘कँडिड’ लिहून त्याने तो सगळीकडे टाकला. लोक हळहळले, घाटकोपरहून एका कुटुंबाने लगेच बोलावणं धाडलं. मांडवपरतणीला गंधाली आली, तर तो फोटो मोठ्या चौकटीत तयार.

“काय पकडलाय ना क्षण?” देवव्रत म्हणाला.

“हा तुझ्याकडेच ठेव,” गंधाली म्हणाली. “बाबांनी स्वतः हात ठेवला होता रे, दादा. तेव्हा तू आईला शिकवत होतास, रडताना रुमाल कुठे धरायचा ते.”