टाळकऱ्याचे डोळे

सासूबाईंची माझ्याबद्दल एकच तक्रार होती, सून देवापुढे बसत नाही. लालबागच्या आमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी दिवसभर काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवत बसायचे, आणि सासूबाई दारावरून उदबत्ती फिरवून नेताना पुटपुटायच्या. मी आतून म्हणायचे, "आई, मी बसलेलीच आहे." त्यांना तो उद्धटपणा वाटायचा. थोडा होताही, पण मी खोटं बोलत नव्हते.

मी गिरगावातल्या कारकुनांच्या घरातली मुलगी. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, हातात सफाई. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा माहेरच्यांनी नाकं मुरडली होती. गिरणगावात फोटो काढून घेणार कोण, म्हणे. त्यांना काय ठाऊक! गिरणीतला माणूस आयुष्यात एकदा नाहीतर दोनदा फोटो काढायचा आणि त्यासाठी देवळात जावं तसा यायचा. आंघोळ करून, परीटघडीचा सदरा घालून, कपाळाला गंध लावून. तसा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की मला गंमत वाटत नसे, आदर वाटे.

फोटो हे काढायचे आणि रिटचिंग माझ्याकडे असायचं. म्हणजे निगेटिव्हवरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं टोकदार पेन्सिलीनं भरून काढायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे आणि चेहरा काळा. गोरा कोण नि सावळा कोण, काही कळत नाही. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिलं की हळूहळू आपली कुरकुर थांबते, सासूबाईंचाही विसर पडतो, आणि समोरचा तेवढा उरतो. देवाबद्दल मला जे काही कळलं ते त्या टेबलावर कळलं. हे मी तेव्हाही ठणकावून सांगत असे, आजही सांगते.

एका वर्षी गणपतीत घोडपदेवचं एक भजनी मंडळ ग्रुप फोटोसाठी आलं. यांनी सगळ्यांना ओळीत बसवलं, पखवाज पुढे ठेवला आणि टाळ हातात धरून गात असल्यासारखं करायला सांगितलं. सगळ्यांनी तोंडं उघडली आणि कॅमेऱ्याकडे बघत गाण्याचं सोंग केलं. दुसऱ्या ओळीतल्या एका तरुण टाळकऱ्याला ते सोंग जमलं नाही. त्यानं खरोखरच अभंग धरला, आणि गाताना त्याचे डोळे मिटायचेच. फोटोत ते मिटलेले आले.

मिटलेले डोळे म्हणजे आमच्या धंद्यात दोष. हे वैतागून म्हणाले, "एकट्यानं अख्खा ग्रुप बिघडवला. उघड ते डोळे." ब्रशनं डोळे रंगवून उघडणं हे माझं नेहमीचं काम होतं. मी नाही म्हटलं. "त्या फोटोत एकटाच गातोय," मी म्हणाले, "बाकीचे पंधरावीसजण तुमच्याकडे बघतायत." माझा आवाज चढला की हे वाद घालत नसत. मंडळानंही काही कुरकुर केली नाही. उलट हसून म्हणाले, तो तसाच आहे.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. लालबाग-परळला रोज मोर्चा, रोज घोषणा, मधेच संचारबंदी. आम्ही दुकानाची फळी अर्धी लावून काम करायचो. एका मोर्च्यावर गोळीबार झाला आणि त्यात तो टाळकरी गेला.

त्याची आई गावी होती, तळकोकणात. भाताची झोडणी चालू असताना तिला तार मिळाली. ती बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरली तोवर सगळं उरकलं होतं. मुलाचं तोंडही तिला दिसलं नाही. दिवसकार्य झाल्यावर ती आमच्याकडे आली, एकटी, हातात मंडळाचा तो फोटो घेऊन. त्याचा दुसरा फोटोच नव्हता.

तिला त्यातला एकटा मुलगा मोठा करून हवा होता, आणि डोळे उघडे हवे होते.

मी सांगून पाहिलं. "मावशी, तो गातोय. त्याचा खरा चेहरा हाच आहे."

तिनं फोटो माझ्यापुढे सरकवला. "गाता खरो," ती म्हणाली, "पण माका बगणा नाय. तेणां एकदा माझ्याकडे बगूक होया."

आमच्या समोरच गणपतीचा कारखाना होता. तिथं मूर्ती घडते, रंगते, दागिन्यांनी मढते, पण डोळे आखेपर्यंत कारागीर तिला हात जोडत नाहीत. आपण देवळात बघायला जातो असं म्हणतो, पण खरं तर देवानं आपल्याला बघावं म्हणून जातो. त्या बाईला माझं कलेचं तत्त्वज्ञान नको होतं. तिला दर्शन हवं होतं. मी म्हटलं, करते.

पण करणार कसं? त्याचे उघडे डोळे मी कधी पाहिले नव्हते. बाजारात मिळतात तसे सुबक, बदामी डोळे रंगवून द्यायला माझा हात धजेना. मी विचारलं, "डोळे कुणासारखे होते?"

"सगळी म्हणत, आवशीचे डोळे घेतल्यान."

"मग तुमचा फोटो काढते. तुमचे डोळे त्याला लावीन."

ती मागे सरली. तिनं जन्मात फोटो काढला नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिच्या गावी म्हणत. मग स्वतःच म्हणाली, "कमी झाला तर बराच," आणि स्टुलावर जाऊन बसली.

तो फोटो मी यांना काढू दिला नाही. स्वतः काळ्या कापडाखाली शिरले. ती पदर ओढून, ताठ, पोलिसासमोर बसल्यासारखी बसली होती. नजर दगडासारखी. अशा डोळ्यांचा मला उपयोग नव्हता. मी डोकं बाहेर काढून सहज विचारलं, "मावशी, मुंबईहून तो गावी यायचा तेव्हा पहिल्यांदा कुठे दिसायचा?"

"व्हाळापलीकडे," ती म्हणाली. "साकवार पाय ठेवलान की दिसा."

आणि तिनं तिकडे पाहिलं. स्टुडिओच्या भिंतीतून पार ओढ्यापलीकडे, त्या साकवाच्या लाकडी पुलाकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

आठवडाभर मी दुसरं काम हातात घेतलं नाही. तिच्या डोळ्यांचा भाग नेमक्या आकारात छापून मुलाच्या चेहऱ्यावर चिकटवला, कडा ब्रशनं मिळवल्या आणि त्याचा पुन्हा फोटो घेतला. डोळे बसले असे की जणू तिथलेच. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. माझं एकच भांडण उरलं होतं, तेही माझ्याशीच. ते बघणं मुलाचं नव्हतं. वाट पाहणाऱ्या आईचं होतं. पण मी ते पुसलं नाही. म्हटलं, ज्याच्याकडे आईनं इतकं बघितलं त्याच्या डोळ्यांत ते असणारच.

ती फोटो न्यायला आली. तिनं तो दाराशी उजेडात नेला. मग फ्रेमच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, "बगता." आणि तिला रडू आलं. मलाही आलं, आणि मी ते लपवलं नाही. डोळे पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "पण खय बगता गो?"

मी तिच्याच फोटोची प्रत आधीच छापून ठेवली होती. ती तिच्या हातात दिली. "हा समोरच्या भिंतीवर लावा. म्हणजे त्याला तुम्ही दिसाल."

हे आतून धावत आले. हार घातलेल्या फोटोसमोर जित्या माणसाचा फोटो कुणी लावतं का, अपशकुन असतो, असं माझ्या कानात सांगू लागले. ऐकू तिलाही गेलं. तिनं दोन्ही फोटो एकमेकांकडे तोंड करून पदरात गुंडाळले आणि निघून गेली.

त्यानंतर ती गावी राहिली नाही, घोडपदेवला मुलाच्या खोलीत राहिली. जाता-येता भेटायची. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी लालबागपासून घोडपदेवपर्यंत चाळीचाळीतून पणत्या लागल्या होत्या. मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. खाली ताशा वाजत होता, लोक एकमेकांना गुलाल लावत होते, आणि ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती. एका भिंतीवर तो, हार घातलेला. समोरच्या भिंतीवर ती. दोघांचे डोळे एकच.

मी पेढा तिच्या हातावर ठेवला, दोन्ही भिंतींच्या मधोमध बाकड्यावर बसले आणि बोलायला सुरुवात केली. मिळालं एकदाचं राज्य, तुमच्या मुलानं दिलं, असलं काहीतरी. ती ऐकत होती, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती. शेवटी तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाय," ती हळूच म्हणाली, "जरा सरक. तू मदी बसलंस."