फणसाच्या तुळईवर फुगडी

नवरी पसंत करतात तसं मी माळ्याचं लाकूड पसंत केलं, नुसतं रंगरूप बघून! तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच अल्लड पोर. बोरीवलीच्या आमच्या बैठ्या घरात सुनेच्या शिलाई मशीनसाठी माळा घालायचा होता. मशीन स्वयंपाकघरात, त्यामुळे ब्लाउजना फोडणीचा वास आणि आमटीत दोरे. बिचारीची गिऱ्हाइकं तुटायला लागली होती.

वखारीत फणसाच्या पिवळ्याधमक तुळया बघितल्या आणि मी पाघळलेच. एकीच्या पोटाशी तर अशी गाठ, की थेट मोराचा डोळा! तीच मी हट्टानं मधोमध बसवून घेतली. वर फळ्याही ठोकून झाल्या.

मग माळा पास करायला महापालिकेची एक इंजिनीअर मुलगी आली. "आजी, यावर प्रतीचा शिक्का कुठंय? लाकूड किती वजन पेलेल ते तपासून मारतात तो."

"अगं, हापूसवर तरी शिक्का असतो का? वास घेऊन बघ की!"

"हापूस डोक्यावर पडला तर चालतो, आजी. ही गाठ ऐन मध्यावर, तीही खालच्या अंगाला. वजन आलं की पहिली तिथंच फाटणार. माळा पास नाही."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. मला चेव चढला. "थांब गं, आत्ता दाखवते पेलतं का ते!" चार शेजारणींना हाका घातल्या. श्रावणच होता, मंगळागौरीची खुमखुमी सगळ्यांच्याच अंगात. पाचही जणी शिडीनं वर. पदर खोचले, फुगडी धरली. मुलगी खालून ओरडतेय, "अहो, उतरा!" आणि आम्ही आपल्या गरागरा.

कट्ट!

मोराचा डोळा उभा फाटला. फळ्या कलल्या आणि आम्ही घसरत घसरत एका कोपऱ्यात, एकमेकींच्या मांडीवर. मालवणची शेजारीण किंचाळली, "गो बाय, माका खाली उतरव! परत फुगडी घालूचंय नाय!" हसून हसून आमच्या पोटात कळा, त्यानं माळा आणखीच डुगडुगायला लागला. शेवटी त्या मुलीनंच एकेकीला हात धरून उतरवलं.

माझ्या सगळ्या तुळया निघाल्या, लोखंडी गर्डर आले. फणसाच्या लाकडातून दोऱ्याची रिळं ठेवायला फडताळं झाली. माळा पास! मशीन वर चढलं त्या दिवशी मीही हौसेनं शिडी धरली, तर सून वरून वाकून म्हणाली, "आई, तुम्ही खालीच थांबा हं. शिक्का तुमच्यावरही नाही."