लक्ष्मीच्या पोटातलं तिकीट

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर झरीचं, आणि लग्न होऊन परभणीत आले त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. ह्यांची नोकरी अदालतीत पेशकाराची, म्हणजे हाकिमापुढे कागद मांडायची. घरात आम्ही तिघंच: हे, सासूबाई आणि मी.

गल्लीत बांगड्या भरायला एक कासारीण यायची. तिच्या टोपलीत बांगड्यांखाली गोव्याच्या सोडतीची तिकिटं असत. "तिकडं सरकारच सोडत काढतंय, वैनी. पिंपात आकडे फिरवतेत अन् लहान लेकराच्या हातानं उचलतेत. ज्याचा आकडा निघंल त्याची रक्कम." आमच्या राज्यात मात्र तसलं तिकीट विकलं की कैद. गोव्यात जे सरकारी पुण्य, ते परभणीत पाप! मला शिलाईचं मशीन हवं होतं आणि ह्यांच्याकडे मागायची सोय नव्हती. घेतलं एक तिकीट. "कुनाला सांगू नका," ती म्हणाली. मी कशाला सांगतेय!

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे पत्र्याच्या कोठीत गहू भरतात, वर मुखवटा ठेवतात आणि साडी नेसवतात. गहू भरताना मी ते तिकीट हळूच थोरल्या लक्ष्मीच्या कोठीत सारलं. देवीच्या पोटात ठेवल्यावर आकडा न लागून जातोय कुठे! फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. लक्ष्म्या एकदा बसल्या की तिसऱ्या दिवशी उठवेपर्यंत त्यांना हलवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हे पुरणाच्या जेवणाला आले ते घामाघूम होऊन. "कासारणीला धरलंय, तिकिटांसकट," पाटावर बसता बसता म्हणाले. "संध्याकाळी जमादार तिला घरोघर फिरवणार आहे. कुणाकुणाला विकली ते दाखवायला."

माझी पोळी तव्यावरच करपली. "घेणाऱ्यालापण कैद असते का हो?"

"ते हाकीम बघतील. पण पेशकाराच्या घरात तिकीट सापडलं तर त्याची नोकरी राहत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

नोकरी गेली तर खायचं काय, आणि ह्यांना तोंड कसं दाखवायचं? जनरीत गेली चुलीत, कोठीत हात घालून तिकीट काढावं असं ठरवलं, तर सासूबाई लक्ष्म्यांपुढे ठाण मांडून बसलेल्या. पुरणावर त्यांचा केवढा जीव, पण त्या दिवशी पानावरही आल्या नाहीत. "मला भूक न्हाई. मी हितंच बसते." सासूबाईंना आजच कुठून एवढी भक्ती आली, म्हणून मी मनात चरफडले.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि दारात जमादार उभा राहिला. मागे दोन शिपाई, मधे कासारीण. जिनं गल्लीचे हात भरले तिच्या एका हातातल्या बांगड्या फुटलेल्या होत्या. माझ्या करंड्यातलं कुंकू पायावर सांडलं.

"ये घर?" जमादारानं विचारलं.

कासारणीनं माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. मग लक्ष्म्यांकडे.

"न्हाई साब. हितं निस्त्या बांगड्या भरल्या म्या."

"सच?"

"लक्ष्मीम्होरं खोटं बोलू का?"

जमादार घटकाभर मुखवट्यांकडे बघत राहिला आणि तिला घेऊन पुढच्या घराकडे गेला. भीती मात्र गेली नाही. रात्रभर दार वाजल्याचा भास होत राहिला.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठवल्या. हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी कोठीत कोपरापर्यंत हात घातला. गव्हात हात लागला तो सासूबाईंच्या हाताला. दोघींचेही हात एकदमच वर आले. माझ्या हातात तिकीट होतं. आणि त्यांच्याही.

"तूबी?" त्या पुटपुटल्या. म्हणजे काल ती भक्ती नव्हतीच, माझ्यासारखीच भीती होती.

आकडा न बघता दोन्ही तिकिटं चुलीत घातली. मग त्यांनी कोठीतले सगळे गहू धडप्यात बांधले. लक्ष्मीपुढचं धान्य घरातच खायचं, बाहेर द्यायचं नाही, हा त्यांचाच नेम. तो मोडून त्यांनी मला मागच्या दारानं कासारणीच्या घरी पाठवलं. ती अजून कोठडीत होती, घरात तिची लेकरं होती. जाताना प्रत्येक वळणावर मला जमादार दिसत होता.

परत आले तेव्हा हे रिकाम्या कोठीजवळ उभे होते. "आई, गहू कुठं गेले?"

"ज्या लक्ष्मीनं आपलं घर राखलं, तिच्या घरी."

ह्यांनी चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर अदालतीत सवालजवाब ऐकणारा माणूस, पण पुढचा सवाल त्यांनी कधीच केला नाही.